नातालमावशीची उघाडी

नातालमावशीच्या घरात दोन कॅलेंडरं होती. एक चर्चमधून मिळालेलं, संतांच्या सणांचं. दुसरं तिथीचं, तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात असतं तसलं, एकादशी-चतुर्थी लाल अक्षरांत छापलेलं. दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेली, आणि तिथीचं वर. गावात नव्याने आलेले फादर एकदा घर आशीर्वादायला गेले तेव्हा त्यांना ते खटकलं. त्यांनी विचारलं, बाई, हे काय? तर ही म्हणाली, "फादर, येशूला तिथी लागत नाय. खारीच्या पान्याला लागते." फादर नवीन होते, त्यांना काही उमगलं नाही. मलाही उमगलं नव्हतं, आणि मी तर वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक.

बोरीवली स्टेशनाबाहेर पश्चिमेला रिक्षा पकडली, की वीसेक मिनिटांत इमारती संपतात आणि खाडी लागते. खाडीच्या अंगाला एक जुनं गावठाण आहे. कौलारू घरं, वळणावळणावर क्रूस, आणि मधूनमधून उगवलेली चार मजली गुलाबी बांधकामं. इथली मंडळी कित्येक पिढ्यांची ख्रिस्ती आणि त्याहून जास्त पिढ्यांची मराठी. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न'. खाडीची खारी होते, झाडाचं झार होतं. मी पूर्वेची, नॅशनल पार्कच्या बाजूच्या सोसायटीतली. बोरीवलीत जन्म काढला, पण आमच्याच स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला अशी मराठी बोलतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

नाताळाच्या दिवशी जन्मली म्हणून नाव नाताल. "येक दिस उशीर झाला असता तर इस्तेवीन ठेवलं असतं," असं ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, कारण दुसऱ्या दिवशी संत इस्तेवीनचा सण, "वाचली मी." मी ओळखायला लागले तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. ठेंगणी, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या दंडावर चापट मारायची सवय. लुगडं फक्त रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला. एरवी फुलाफुलांचा गाउन आणि त्यावर पुरुषी फुलशर्ट, बाह्या दुमडलेल्या. शर्ट नवऱ्याचे. नवरा, दुमिंग, जाऊन बारा वर्षं झाली होती आणि त्याचे शर्ट ती पाळीपाळीने घालून झिजवत होती. मी एकदा भीतभीत त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "कपाटात ठेवून कसर लागनार. त्यापरीस माजा घाम लागूंदे."

तिचे पाय मात्र मी विसरूच शकत नाही. अंगठे बाकीच्या बोटांपासून लांब पसरलेले, टाचा रुंद. चिखलात ती कधी काही घालत नसे, आणि आपण घरच्या फरशीवरून चालतो तशी चालायची. मी पहिल्या दिवशी मोठ्या तयारीने गमबूट घालून गेले होते. ते गमबूट अजून त्या चिखलातच आहेत.

तिचा धंदा चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा. खाडीच्या खाऱ्या चिखलात तिवराची झाडं असतात, ज्यांना शहरातले लोक सरसकट खारफुटी म्हणतात. त्यांच्या मुळांत चिंबोऱ्यांची बिळं असतात. ओहोटीला जायचं, आकड्याने चिंबोऱ्या काढायच्या आणि मंडईबाहेर बसून विकायच्या, हा तिचा लग्नाआधीपासूनचा दिनक्रम. अंडी धरलेली चिंबोरी ती कधी आणायची नाही. एखादं गिऱ्हाईक लाडात येऊन म्हणालं, "मावशी, गाभोळीची द्या ना," तर त्याला भर बाजारात सुनवायची, "बालंतीन पायजे तर दवाखान्यात जा."

आणि दर पावसाळ्यात ती तिवरं लावायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, कसल्या योजनेत नाव आहे म्हणूनही नाही. तिवर गेलं की चिंबोरी जाते, एवढं तिला पुरे होतं. भादव्यात तिवराच्या बिया गळतात, चपट्या, वालाच्या दाण्याएवढ्या, आणि पाण्यावर तरंगत येतात. त्या ती पाटीने गोळा करायची, खाडीच्याच पाण्यात बादलीत ठेवायची, वर ओलं गोणपाट. दोन दिवसांत साल सुटली की लावायला काढायची. तिचा एक नियम होता. "बी पुरायची नाय, टेकवायची. मेलीय काय ती पुरायला?" चिखलावर बी ठेवून अंगठ्याने इतकंच दाबायचं की ती तिथे बसली पाहिजे. गावाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे खाडीने काठ खाल्ला होता, तिथे आज माणसाच्या उंचीची तिवरांची रांग आहे. ती सगळी हिच्या अंगठ्याखालून गेलेली.

माझा तिच्याशी संबंध आला तो बांधाच्या आतल्या जमिनीमुळे. गावाच्या मागे मातीचा एक जुना बांध आहे. त्याच्या आत पूर्वी मावशीच्या सासरची भातशेती होती. खाडीलगत अशी शेती करायची तर बांधात एक फळ्यांचं दार बसवतात. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, यासाठी. त्याला म्हणतात उघाडी. मावशीच्या तोंडी, उघारी. शेती कधीच संपली होती. आता आत दोन मैदानांएवढा राखाडी तुकडा पडून होता. पावसाळ्यात कुजकं डबकं, उन्हाळ्यात भेगा आणि वर मिठाचा पापुद्रा. कडेला पूर्वी तिवरं होती, त्यांचे नुसते खुंट उभे. आमच्या कॉलेजने ठरवलं, की हा तुकडा पुन्हा हिरवा करायचा, आणि तिवराच्या पानांतल्या मिठावर मी सहा वर्षं घालवून डॉक्टरेट घेतलेली असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. गावात विचारलं, तर सगळ्यांनी मावशीच्या घराकडे बोट दाखवलं. जमीन तिची होती.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, काळा चहा दिला, आणि म्हणाली, "पयलं भायेर लावून दाखव. आतलं नंतर बघू."

मग तिने मला जी शिकवण दिली, ती फोनवर. "बांधाच्या भायेर लाव. पन भांगात लाव गो. भांग सोरून लावशील तर येक झार राहनार नाय."

आता भांग म्हणजे काय, हे मराठी माणसाला विचारायला नको. मी विचारलंही नाही. मनात म्हटलं, केवढी सुंदर कल्पना आहे, केसांतल्या भांगासारखी मधोमध मोकळी वाट ठेवायची, दोन्ही बाजूंनी रोपं. पाण्याला जायला यायला जागा. विद्यार्थ्यांना मी यावर दहा मिनिटं व्याख्यानही दिलं, लोकज्ञान वगैरे. सुट्टी बघून रविवार ठरवला, तो नेमका पौर्णिमेचा. सुतळी लावून सरळ ओळी आखल्या, नर्सरीतून आणलेली दोनशे रोपं लावली, मध्ये हातभर रुंदीचा भांग पाडला. फोटो इतका देखणा आला की प्राचार्यांनी तो नोटीस बोर्डावर लावला.

मंगळवारी मावशीचा फोन. "मास्तरीन, येऊन जा."

गेले. दोनशेतली सात रोपं होती, तीही आडवी. बाकी सगळं उधाणाच्या पाण्याने उचलून नेलं होतं. फक्त मधला भांग जागच्या जागी होता.

"ह्या मधी काय केलंयस गो?"

"भांग," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात ना, भांगात लाव."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चिखलाकडे, मग माझ्या डोक्याकडे. आणि हसायला लागली. हसता हसता ती चिखलात बसली, गाउनसकट, आणि बसल्या बसल्या माझ्या पोटरीवर चापट्या मारत राहिली. माझा चेहरा इतका पडला असावा, की शेवटी तिला दया आली. हात धरून तिने मला घरात नेलं आणि त्या तिथीच्या कॅलेंडरासमोर उभं केलं.

अवसेला आणि पुनवेला पाणी चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर उतरतो, भरती येते पण वरच्या चिखलापर्यंत पोचत नाही. ते दिवस म्हणजे भांग. उधाण ओसरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बी टेकवायची. मग आठवडाभर तिला पाणी हलवत नाही, तेवढ्यात ती मूळ खाली सोडते. पुढचं उधाण येईतो तिने चिखल धरलेला असतो. कॅलेंडरावर दर महिन्याच्या अष्टम्यांना मावशीने निळ्या पेन्सिलीने गोल केलेले होते. सहा वर्षं मी पानं जाळून मीठ काढत होते, आणि झाडाला उभं राहायला एक आठवडा लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट तिने मंडईतल्या एकूण एक कोळणीला सांगितली. त्यानंतर कित्येक महिने मी मासळी घ्यायला गेले की कोणीतरी ओरडायचं, "आली, भांगवाली मास्तरीन आली!" माझा नवरा आजही मी आरशासमोर उभी राहिले की पौर्णिमा आहे का बघून घेतो.

पण त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. पुढच्या भादव्यात अष्टमी धरून आम्ही बाहेरच्या चिखलात बिया टेकवल्या आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त उभ्या होत्या. मी म्हटलं, आता आतलं. ती म्हणाली, "बघू." त्यापुढच्या वर्षीही "बघू"च.

दरम्यान एका कंपनीची मंडळी आली. एकसारखे हिरवे टी-शर्ट, टोप्या, बॅनर. त्यांना आतलीच जमीन हवी होती, कारण तिथे पाय बुडत नव्हते. त्यांनी मावशीची रीतसर परवानगी मागितली. तिने हो म्हटलं, सगळ्यांना बिनदुधाचा चहा दिला, वर घरचे फुगे, तेलात तळून फुगवलेले गोल पाव, खायला दिले. कोरड्या खडखडीत जमिनीत त्यांनी खड्डे खणून तिवरं लावली आणि बादलीने पाणी घातलं, गोडं पाणी. जानेवारीपर्यंत सगळी काटक्या. पुढच्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा चहा, पुन्हा काटक्या.

मला राहवलं नाही. मी स्वभावाने तशी फटकळ आहे, आणि तिथे तर मला सगळं कळत होतं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "मावशी, ती पोरं घाम गाळतायत आणि तू नुसती बघत बसतेस? भरतीचं पाणी आत आल्याशिवाय इथे काय लावलं तरी मरणार. तुला माहीत नाही का? ती उघाडी काढ ना. एक दार आहे, काढलं की झालं!"

ती शर्टाची बाही दुमडत होती. दुमडायची थांबली. म्हणाली, "जा तू आथा." आणि घरात गेली.

दोन महिने तिने माझा फोन उचलला नाही.

उघाडीबद्दल मला सांगितलं ते तिच्या मुलाने, रुझारने. तो वाकोल्याला राहतो, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दर रविवारी आईकडे येतो. गावच्या रस्त्यावर गाठ पडली. तो म्हणाला, "मॅडम, ते दार माज्या बापसानं बनवलंय. शेवटच्या वर्षी. जुनं कुजलं होतं, तर स्वतः फल्या तासल्या, महिनाभर खपला. भर पावसाचे दिवस, अवस होती. दार बसवलं, घट्ट लावलं, घरी आला, जेवला, झोपला. उठलाच नाय." मग म्हणाला, "तवापासून कोनी हात लावलेला नाय. मी येकदा लावायला गेलो, तर आईनं मना कोयता दाखवला."

पुढचं मी माझ्याशी जुळवलं. दार बंद राहिलं. पावसाचं पाणी आत साचलं, सडलं, उन्हाळ्यात आटलं. जुन्या कुजक्या दारातून भरतीचं पाणी झिरपायचं, आता थेंब आत येईना. कडेची तिवरं आधी पिवळी पडली, मग वाळली. आणि हे सगळं घडत असताना ती, जिला तिवराबद्दल आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, ती रोज त्या बांधावरून जात येत होती. कंपनीच्या पोरांना ती काही बोलली नव्हती, कारण काय बोलायचं? पाणी आत घ्या म्हणायचं, तर दार तिनेच उघडायला हवं होतं. आणि मी तिला म्हटलं होतं, एक दार आहे, काढलं की झालं. आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मी तिच्या घरी गेले आणि माफी मागितली. ती चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजं खोटं नाय. माजंच धारस नाय." मग म्हणाली, "बस. जेव." जेवताना मी उघाडीचा विषय काढला नाही. तिनेच काढला. "आतली झारं मीच मारली गो. रोज बघत व्हती, कशी मरतात. त्याच्या हातचं शेवटचं राखायचं, का झारं राखायची? दोन्ही राखता येत नाय म्हनून काईच नाय केलं." बोलताना तिचा आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे मलाच रडू आलं. तिने माझ्या ताटात आणखी एक नांगी वाढली.

बांध फोडायला परवानगी लागते म्हणून त्यानंतर तिला विचारून मी अर्ज केला, आणि तिने अंगठा न देता स्पष्ट अक्षरांत नाव लिहिलं. कागद मंजूर होऊन आला. तिने तो प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवला. तिथे तो वर्षभर होता. मी एका शब्दाने विचारलं नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे माझ्या घरच्यांना विचारा.

मग त्या भादव्यात, ऐन दुपारी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असताना तिचा फोन आला.

"शनवारी उधान हाय. सकालच्या ओहोटीला ये. पहार घेऊन ये. रुझारलाबी बोलावलंय."

"काय झालं मावशी?"

"ये आनि बघ."

शनिवारी सकाळी पोचले, सोसायटीच्या वॉचमनची पहार रिक्षात आडवी घालून. मावशी बांधावर उभी होती. तिने उघाडीच्या बाहेरच्या बाजूला बोट दाखवलं. आधीच्या उधाणाला तिवराच्या बिया पाण्याबरोबर वाहत आल्या होत्या. एरवी त्या पसरतात. इथे पाण्याला आत जायचं होतं आणि समोर दार होतं, म्हणून सगळ्या त्या फळ्यांशी येऊन साचल्या होत्या. गुडघाभर ढीग. त्या ढिगातच त्यांना कोंब फुटले होते. पांढरी मुळं चिखलाऐवजी हवेत, एकमेकींत अडकलेली, काही फळीच्या भेगेत घुसलेली. वरच्या बिया उन्हाने काळ्या पडल्या होत्या.

"दारात येऊन मेल्या गो," ती म्हणाली. "माज्या दारात."

आमच्याकडे काय, तिच्याकडे काय, दाराशी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय कोणी परत पाठवत नाही. तिच्या घरून कंपनीची पोरंसुद्धा उपाशी गेली नव्हती. तिला जे पंधरा-सोळा वर्षं कोणालाही पटवता आलं नव्हतं, ते त्या कुजलेल्या ढिगाने पटवलं. ती खाली उतरली आणि ढीग दोन्ही हातांनी बाजूला करायला लागली. एक एक बी चाचपून बघत होती, ज्यात जीव होता ती पाटीत टाकत होती.

रुझार करवत घेऊन आला होता. फळ्या फुगून चौकटीत घट्ट बसल्या होत्या, कापून काढणं सोपं होतं. मावशी म्हणाली, "कापायचं नाय. जसं बसवलं तसं काढायचं." मग दोन-अडीच तास आम्ही कडेची माती उकरली, पहार घातली, दोर बांधला. रुझारचा शर्ट फाटला, माझ्या तळव्यांना फोड आले. ती मात्र शांतपणे सांगत होती, इथून नको, तिथून उचल, इथे त्याने खुंटी मारलीय. दार बसवताना ती दुमिंगच्या शेजारी उभी असणार, हे मला तेव्हा कळलं. शेवटी लाकूड करकरलं आणि दार एकदम सुटून आमच्या अंगावर आलं. रुझारने ते पाठीवर घेतलं आणि बांधावर आडवं ठेवलं. मावशीने पदराऐवजी शर्टाच्या टोकाने त्याच्यावरचा चिखल पुसला. मग ती त्याच्यावर जरा वेळ हात ठेवून बसली, आणि रडली. मोठ्याने, नाक ओढत, लहान मुलं रडतात तसं. रुझार तिच्या शेजारी बसला. मी दुसरीकडे बघत राहिले.

दुपारच्या सुमाराला पाणी चढलं. आधी एक बोटभर रुंदीची जीभ आत आली, फेसाळ, पुढे वाळकी पानं ढकलत. भेगांमध्ये शिरली, तिथे बुडबुडे आले. मग पाणी भराभर आत पसरलं आणि त्या राखाडी जमिनीचा रंग बदलला. एक चिंबोरी, अगदी रुपयाएवढी, पाण्याबरोबर आत आली, थांबली, आणि तिरकी पळाली.

"बघ, भारेकरू आला," मावशी म्हणाली. नाक अजून लाल होतं.

दार तिने घरी नेलं. मागच्या पडवीत चार विटांवर ठेवलं आणि त्यावर बसून मासळी साफ करू लागली. एकदा मला म्हणाली, "मेल्याच्या मांडीवर बसल्यावानी वाटतं," आणि स्वतःच लाजली. सत्तरीच्या बाईला एवढं लाजलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मला लगेच लागवडीची घाई. दोन अष्टम्या मी हातात पाटी घेऊन उभी राहिले, दोन्ही वेळा तिने मला परत पाठवलं. "घर उघरलं की रस्त्यावरून पावने वढून आनतेस काय? वाट मोकली हाय. येतील त्यांची ती." ढिगातून वेचलेल्या जिवंत बिया तेवढ्या तिने स्वतः आत टेकवल्या. बाकी काही लावू दिलं नाही. आणि आल्या. प्रत्येक उधाणाबरोबर आल्या, पसरल्या, भांगाच्या दिवसांत मुळं धरून बसल्या. दसऱ्याला दोन पानं, दिवाळीला चार. ओळ नाही, सुतळी नाही, जिथे त्यांना बरं वाटलं तिथे. नाताळात मी केक घेऊन गेले तेव्हा खुंटांच्या मधून, जिथे इतकी वर्षं काहीच नव्हतं, तिथे वीतभर उंचीची तिवरं इतकी दाटलेली होती की पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. मावशीने खाली वाकून एका पानाला जीभ लावली. "खारट हाय," म्हणाली. "जिती हाय." माझ्या सहा वर्षांच्या प्रबंधाचा सारांश याहून जास्त नव्हता.

जानेवारीत, तीन राजांचा सण झाल्यावर, मी पुन्हा गेले. ती तिवरं बघायला बांधावर बसली होती. उघाडी होती तिथे आता खिंड पडली होती, आणि दर उधाणाने ती थोडी थोडी रुंद होत होती. पूर्वी मावशी घरून बांधावरून सरळ खाडीकडे जायची. आता बांध मध्येच तुटला होता. पलीकडे जायचं तर गावातून, चर्चच्या मागून, मिठागराच्या कडेने मोठा वळसा. तिच्या पावलांना अर्धा-पाऊण तास. मला त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "मावशी, दोन लाकडी ओंडके टाकून घेऊ या. रुझार आणि मी करतो. तुला केवढी पायपीट पडते."

"नको."

"अगं, गुडघे बघ तुझे."

"नको बोलली ना. मधी काय घातलं की बिया अरकतात." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "पान्याला सरल जाऊंदे. मी फिरून जाईन."

आणि निघालीसुद्धा. दुमिंगचा निळा शर्ट, हातात रिकामी पाटी. चर्चच्या बाजूला वळेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग तिथेच बसून राहिले. घरी जायची घाई नव्हती, उन्हं मऊ होती, खिंडीतून पाणी बाहेर चाललं होतं. बराच वेळ गेला. मग समोरून, बांधाच्या पलीकडच्या तुकड्यावरून, ती चालत आली. खिंडीच्या त्या काठाला येऊन थांबली. आमच्यामध्ये असेल नसेल दहा हातांचं पाणी.

"अजून इतंच?" ती ओरडली. "जा गो घरी. ऊन चरतंय."

मी हात केला. तिनेही केला, पाटीसकट. मग ती वळून खाली, चिंबोऱ्यांच्या चिखलात उतरली.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ती गेली. मला निरोप उशिरा मिळाला. तिच्यासाठीची मिस्सा संपून लोक पांगल्यावर मी बांधावर गेले, आमच्या नेहमीच्या बाजूने, आणि खिंडीपाशी थांबले. पाणी भरलं होतं. पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं, आणि जायचं तर फिरून जावं लागणार होतं. मी फिरून गेले.